शिंप्याची चाल

माझी मैत्रीण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. मी साहित्य शिकले. तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तिच्या पलंगाखाली प्लास्टिकचा गुडघा असायचा, माझ्या पलंगाखाली पुस्तकं. झाडू मारायची पाळी आली की दोघी एकमेकींच्या सामानाला नावं ठेवायचो.

तिला माणसं चालीवरून कळायची. खिडकीत बसून ती रस्त्यावरच्या लोकांबद्दल सांगायची. "तो बघ, कंबर धरलीय. ती काकू डाव्या टाचेवर वजन टाकत नाही." मी म्हणायचे, "अगं, जगू दे की लोकांना."

विभागात त्यांच्या मॅडमची एक पद्धत होती. पेशंट कसा चालतो हे नुसतं बघायचं नाही, तसं चालायचं. पाय कुठे अडतो, खांदा कशाला वर जातो, हे आपल्या अंगात आलं की मगच कळतं. पण एक नियम होता. अशी घेतलेली चाल तिथेच उतरवायची. पेशंट धरून चालतात त्या दोन समांतर दांड्यांमध्ये तीन फेऱ्या आपल्या स्वतःच्या चालीने मारायच्या आणि मगच बाहेर पडायचं. मुलं या नियमाला हसायची. माझी मैत्रीण मात्र कधी चुकली नाही. एकदाच चुकली.

तिच्याकडे एक म्हातारा शिंपी होता. अर्धांगाने त्याचा उजवा पाय गेला होता. चार महिने तिने त्याला चालवलं. "पोरी, चाळीस वर्षं मशीन चालवलं या पायाने," तो म्हणायचा, "आता सुट्टीवर गेलाय. पगार मागत नाही, नशीब." त्याचा पाय आधी फरशीवर घासायचा, मग टेकायचा आणि मग क्षणभर थांबायचा.

एका सकाळी ती दांड्यांमध्ये त्याची चाल चालून बघत होती. तेवढ्यात शिपाई आला. "तुमचे शिंपीबाबा आता येणार नाहीत. काल गेले." ती तशीच निघाली. फेऱ्या राहिल्या.

मी खोलीत वाचत होते. जिन्यावर पाऊल घासलं, टेकलं, थांबलं. कोणी पाहुणा आला असेल असं मला वाटलं. दार उघडून ती आत आली.

"नाटकं पुरे," मी म्हणाले.

"नाटक नाहीये," ती म्हणाली. "मला थांबवता येत नाहीये."

आठवड्याने शिंप्याची बायको विभागात आली. विभागाने दिलेली पायाची आधारपट्टी परत करायची होती. बाकावर दाराकडे पाठ करून बसली होती. मी मैत्रिणीचा डबा घेऊन गेले होते, म्हणून तिथे होते. मागून मैत्रीण आली. बाई वळलीही नाही.

"हळू या," ती म्हणाली. "फरशी ओली आहे."

मग तिचं तिलाच कळलं. तिने वळून पाहिलं. ती रडली नाही. मैत्रिणीचा हात धरून एवढंच म्हणाली, "बाळा, तिथपर्यंत जाऊन ये ना परत." आणि डोळे मिटून बसली.

मैत्रीण गेली आणि आली.

मॅडमनी तिचा पाय तपासला. ताकद पूर्ण होती, सांधे मोकळे होते, नसा ठीक होत्या. "पायाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी प्रॅक्टिकल आहे. परीक्षकांसमोर पेशंटला चालायला शिकवायचंय तुला. पेशंट तू दाखवतेस ते उचलत नाही. तू आहेस ते उचलतो. अशी उभी राहिलीस तर मी तुला परीक्षेला बसू देणार नाही."

"तुझी चाल चाल ना," मी खोलीवर म्हणाले.

"आठवत नाही गं."

"व्हिडिओ?"

"सगळे मीच काढलेत. पेशंटचे."

म्हणजे तिची चाल फक्त मला ठाऊक होती. गच्चीवर मी तिला ती दाखवू लागले. टाच जोरात आपटायची. डावा हात अर्धाच हलवायचा, पिशवी धरल्यासारखा. वळताना आधी खाली बघायचं. रोज दुपारी मी पुढे, ती मागे. ती माझ्या पायांवरून नजर काढत नव्हती. पहिल्या दिवशी मला हसू येत होतं. दहाव्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी मी वळले आणि आधी खाली बघितलं. तेव्हा मी काही दाखवत नव्हते.

अठराव्या दिवशी घासणं थांबलं. तिने मला मिठी मारली. "सुटले बाई!"

परीक्षा झाली. तिची आई गावाहून आली होती. मी कॉलेजच्या फाटकापाशी नळावर बाटली भरायला निघाले होते. मागून हाक आली.

"चिमे! अगं थांब की, आईला मागे टाकून कुठे निघालीस?"

चिमी मैत्रिणीचं घरातलं नाव. मी वळले. आई ओशाळली. "तू होय! चालीवरून फसले बघ. लहानपणापासून अशीच टाचा आपटते आमची. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय!"

मी हसले. तेवढ्यात मैत्रीण पायऱ्या उतरून आली. "पास!" तिने लांबूनच हात हलवला. पाय सरळ पडत होते. कुठे घासत नव्हते, कुठे थांबत नव्हते.

आईने उचललेला हात तसाच राहिला.

"ही कोणासारखी चालतेय गं?" तिने हळूच विचारलं.

मी बघितलं. डावा खांदा किंचित पुढे. पंजे बाहेरच्या बाजूला पडत होते. ती चाल मी याआधी फक्त दुकानांच्या काचांमध्ये, जाता-येता पाहिली होती. माझी होती.

मैत्रीण मध्येच थांबली. आमचे चेहरे बघून तिचं हसू गेलं.

"काय झालं? घासतोय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ये ना इकडे."

मला जायचं होतं. पण दोघी माझ्या पायांकडे बघत होत्या आणि कुठला पाय आधी उचलतात ते मला आठवेना.