चर्च आलं की
जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला सोबत नेलं, ही माझीच चूक. पाव असो की डोंगर, ‘आपल्या दुबईत असं नसतं’ हे ठरलेलं. त्यात तिथला ड्रायव्हर प्रत्येक चर्चसमोर स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर तीनदा क्रॉस करायचा. काका मागून ओरडायचे, “हबीबी, पहले रास्ता देखो! भगवान कहीं भागा नहीं जा रहा!” दिवसभर नुसतं डोकं उठवलं.

मग घाटात दाट धुकं आलं. चर्च दिसलं, पण ड्रायव्हरने या वेळी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. मागून ओरडा नाही म्हणून मी वळून पाहिलं. काका डोळे मिटून छातीवर क्रॉस करत होते.

“त्याचा राहिला ना,” ते पुटपुटले. “कुणीतरी करायला नको?”