गोचिडीचा ताप

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही नलूला ओळखत नाही, म्हणून असेल. तिला ओळखणाऱ्या कुणासमोर माझी जीभ रेटत नाही.

नलू माझी धाकटी बहीण. इथे कानडी मुलखात एकाच शहरात आम्ही; मी चामराजपुरममध्ये राहतो, ती हिनकलला. तिचे यजमान श्रीपादराव शिवणाचं दुकान चालवायचे. कमी बोलणारा, सरळ माणूस. माझ्याबद्दल मात्र घरात एक गोष्ट पक्की होती — वेळ आली की हा काढता पाय घेतो. खोटं नव्हतं ते.

बायको गेल्यावर मुलाने मला अमेरिकेला बोलावून घेतलं. त्याच्या घरामागे गवत फार. तिथे गोचीड चावली आणि पुढे थंडी वाजून ताप आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोचिडीतून एक बारीक जंतू रक्तात शिरलाय; दिसतो मलेरियासारखा, पण औषध वेगळं. आणि बजावलं — यापुढे कधीही, कुणालाही रक्त देऊ नका. गोळ्यांनी मळमळायचं. ताप उतरला तशा मी त्या मधेच सोडल्या. परत आल्यावर इथे कुणाजवळ बोललोही नाही.

काही महिन्यांनी श्रीपादरावांच्या स्कूटरला हुणसूर रस्त्यावर लॉरीने उडवलं. प्लीहा फाटली होती, काढूनच टाकावी लागणार होती. रक्त हवं होतं ओ निगेटिव्ह, सहजी न मिळणारं. माझं तेच. नलूने माझा हात धरला. "दादा, तू आहेस म्हणून बरं," म्हणाली. असं मला कधी कुणी म्हटलं होतं?

रक्त घेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ज्वर बंदित्ता?" — मध्यंतरी ताप आला होता का? मी म्हणालो, "इल्ला." नाही. नलू शेजारीच उभी होती. घाबरलो होतो का? नाही. मला एकदा तिच्या नजरेत मोठं व्हायचं होतं.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. म्हणून इथे थांबत नाही.

श्रीपादराव वाचले, घरी आले. नलूने नवस बोलला होता. तो फेडायला ती त्यांना टी. नरसीपूरला संगमावर घेऊन गेली, रात्री तिथेच राहिली. नंतर त्यांना ताप भरला. डोळे पिवळे, लघवी काळपट. दवाखान्यात म्हणाले, रक्तात मलेरिया दिसतोय — पण औषध लागू पडेना. डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावून विचारलं, बाहेरगावी कुठे गेले होते का? आणखी काही सांगण्यासारखं आहे का?

होतं ना. त्या जंतूचं नाव मला पाठ होतं. नुसतं ते नाव घेतलं असतं, तर औषध बदललं असतं. जगले असते? माहीत नाही. ते मी कळू दिलं नाही — डॉक्टरांना, मलाही.

नलू म्हणाली, "मी नरसीपूरला नेलं त्यांना. ते नको म्हणत होते, मीच हट्ट केला."

आणि मी — मी मान हलवून म्हणालो, "तिथे डास फार असतात."

सांगायचं होतं ते हे. रक्त दिलं ते नव्हे — हे वाक्य. तोंडातून निसटलं नव्हतं. नीट विचार करून बोललो होतो.

श्रीपादराव त्याच आठवड्यात गेले.

दुकान बंद झालं. नलू आता देवाला हात जोडत नाही. भेटेल त्याला सांगते, माझ्या दादाने यांना स्वतःचं रक्त दिलं. मी ऐकून घेतो.

परवा माझ्याकडे जेवायला आली होती. भात कालवता कालवता थांबली. म्हणाली, "दादा, तू वाचवलंस त्यांना. मीच नेऊन मारलं, अल्वा? हो ना?"

"असं बोलू नये," मी म्हणालो. आणि ताक वाढू का म्हणून विचारलं.