टेबलावर काढून ठेवलेली घड्याळं

"एनी क्वेश्चन्स?" साहेबाने विचारलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना नकारार्थी हलल्या. त्यात माझीही हलली.

खरं म्हणजे मला एक गोष्ट अजिबात कळली नव्हती.

लोणावळ्याच्या रेल्वे ऑफिसातली ही मीटिंग. मी तेव्हा नवा ओव्हरसिअर, म्हणजे रुळांची निगा राखणाऱ्या गँगवरचा माणूस. घाटात रुळांच्या डोक्यावर एक दरड सुटायला आली होती. ती आपण होऊन कोसळण्याआधी सुरुंग लावून पाडायचं ठरलं. सुरुंगाचं काम मुंबईच्या एका कंत्राटदार शेठकडे आणि पडलेले दगड हलवायचं माझ्या गँगकडे. उद्या सकाळी दहा ते अकरा ब्लॉक, म्हणजे तेवढा वेळ त्या रुळांवर गाडी नाही. दहाला सुरुंग उडणार. साडेदहापर्यंत उडाला नाही, तर त्या दिवसाचं काम रद्द समजायचं. मग गँगने दरडीखाली जाऊन रूळ तपासायचे आणि गाडीला वाट मोकळी करायची.

हा बेत सकाळीच गँगला कळला होता. मी मीटिंगला निघालो तेव्हा माझा मुकादम, भाजे गावचा दगडूभाऊ, दारातच आडवा आला.

"भाऊसाहेब, साडेदहाला आमी खाली जायाचं, पर वरचा बत्ती लावनार न्हाई कशावरून? तेवढं इचारून या. बारा मान्सं हायेत माजी."

बत्ती लावणं म्हणजे सुरुंगाची वात पेटवणं. मी "विचारतो" म्हणालो होतो.

साहेब कागद आवरू लागला. मी कसाबसा उभा राहिलो.

"सर, मला नीट समजलं नाही."

"काय समजलं नाही?"

"ते... वेळेचं."

"दहा म्हणजे दहा. यात न समजण्यासारखं काय आहे?"

हेडक्लार्क रुमालाआड हसला. माझे कान तापले. चारचौघांत शोभा करून घेतली ती घेतली, वर हाती काहीच लागलं नाही. मुकाट्याने खाली बसणार, एवढ्यात शेजारच्या शेठने कंटाळून खिशातलं घड्याळ काढलं. माझी नजर सहज त्यावर गेली. तीन वीस. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला एक मिनिट कमी होतं. शेठचं बंद पडलं असेल म्हणावं, तर सेकंदाचा काटा व्यवस्थित पळत होता.

या खेपेला मी काय समजलं नाही ते सांगत बसलो नाही. उद्या काय करणार आहे ते सांगितलं.

"सर, उद्या या भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले, की मी बारा माणसं दरडीखाली पाठवणार. त्यानंतर वर कोणी बत्ती लावणार नाही, असं धरून. माझं चुकत असेल तर आत्ता सांगा. आणि शेठ, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"

"तीन वीस."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"तुमचं मागे पडलंय," हेडक्लार्क म्हणाला.

"बिलकूल नाही. हा मुंबई टाइम. आमच्या पेढीत हाच चालतो, माझी माणसं उद्या यावरच काम करणार."

त्या काळी रेल्वेने नवा स्टँडर्ड टाइम घेतला होता, पण मुंबईकर हट्टाने आपला जुनाच धरून बसले होते. दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचं अंतर. शेठचे दहा वाजणार तेव्हा आमचे दहा एकोणचाळीस झालेले असणार. म्हणजे दगडूभाऊची माणसं नेमकी दरडीखाली.

हेडक्लार्कचा रुमाल खाली आला. साहेबाने आपलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ठेवायला लावलं. मग कागदावरची 'दहा' ही वेळ खोडली. आता ठरलं ते असं: ब्लॉक मिळाला की दगडूभाऊने आपली माणसं लांब नेऊन मोजायची आणि हिरवा झेंडा दाखवायचा. तो दिसल्याशिवाय वर बत्ती नाही. सगळे सुरुंग उडाले की वरून हिरवा झेंडा. तो दिसल्याशिवाय खाली पाऊल नाही. बेत रद्द झाला तर शेठच्या माणसाने स्वतः खाली येऊन सांगायचं.

"आता तू म्हणून दाखव," साहेब मला म्हणाला. मी म्हटलं. मग शेठलाही म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक मिळाल्यावर पाचेक मिनिटांत दरड खाली आली. वरचा झेंडा हलला आणि गँग कामाला लागली. मी घड्याळ हातात धरून उभा होतो. दहा एकोणचाळीस झाले. माझ्यासमोर बारा माणसं वाकून दगड उचलत होती, कोणीतरी कोणाच्या तरी सासुरवाडीवरून चेष्टा करत होतं. मी तिथेच एका धोंड्यावर बसलो.

"काय झालं वो, भाऊसाहेब?"

"काही नाही. किती वाजले ते पाहत होतो."

"मंग उटा की. त्यो धोंडा बी हलवायचाय."

पुढे सगळ्या नोकरीत मी साहेबाला 'समजलं नाही' असं कधी म्हटलं नाही. मी काय करणार आहे ते सांगायचं आणि गप्प राहायचं. समजावून सांगायला साहेब लोकांना वेळ नसतो, चूक काढायला मात्र असतो.