गोणीच्या आतली गाठ

मला नोकरी लागली तेव्हा आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "मुलगी पावडरच्या कंपनीत लागली." काकू म्हणाल्या, "वा! टाल्कम का?" तेव्हापासून लोणावळ्यातल्या आमच्या गल्लीत माझी ओळख अंगाला लावायच्या पावडरवाली अशीच आहे. ती खोडून काढायचा मी वर्षभर प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

आमची कंपनी वराळ्याला. दोन शेड आणि कोपऱ्यात एक प्रयोगशाळा, तिथे मी. आम्ही बनवतो ती राखाडी पावडर पोलादाच्या कारखान्यात जाते. तिथे वितळलेलं पोलाद तांब्याच्या साच्यातून सलग ओततात. वरून रस पडत राहतो आणि खालून घट्ट होत आलेला लालभडक दांडा बाहेर येत राहतो. साच्यातल्या रसावर आमची पावडर पसरायची. तिचा वरचा थर भुसभुशीत राहून उष्णता अडवतो. खालचा वितळतो आणि त्याची पातळ स्लॅग होते. ती पोलादातला कचरा पोटात घेते, आणि साच्याच्या कडेने खाली झिरपून वंगणाचं काम करते. ती झिरपली नाही तर पोलाद साच्याला चिकटतं, आणि मग जे होतं ते बघायला जवळ कुणी उभं नसावं.

प्रत्येक पोलादाची पावडर वेगळी. त्यात क्रोमियम घातलेल्या मिश्र पोलादाची सगळ्यांत नखरेल. माझ्या दुसऱ्या वर्षी, ऐन श्रावणात, याच पावडरीबद्दल एका कारखान्यातून तक्रार आली. पावडरीच्या गुठळ्या होतायत, साच्याच्या कडेला स्लॅगचं जाड कडं धरतंय, मालावर बारीक खड्डे पडतायत. साहेब म्हणाले, "जाऊन बघून ये."

साच्यापाशी पन्नाशीतले एक भाऊ उभे होते. कान्हे गावचे. वीस वर्षं तेच काम, आणि भुवया पावडरीने कायमच्या राखाडी. पहिला अर्धा तास ते माझ्याशी बोललेच नाहीत. मग फावडंभर पावडर साच्यात टाकून म्हणाले, "ऐकलं का, मॅडम?"

"काय?"

"तडतडती. आन् बघा, पसरत बी न्हाई. गोळा व्हती."

मी वहीत लिहिलं, 'आवाज', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. गुठळ्यांपुढे मात्र ठळक पूर्णविराम दिला, कारण त्यांचं कारण मला ठाऊक होतं, किंवा तसं वाटत होतं. पावडर किती वेगाने वितळावी हे तिच्यातल्या कोळशाच्या पुडीवर ठरतं. पूड कमी पडली की पावडर घाईने वितळते आणि कडं धरते. म्हणजे पूड वाढवायची. परत येऊन मी नमुने तपासले. सगळं मापात होतं. तरी मी पूड वाढवून नवी पावडर करून दिली. तक्रार तीच. मग आणखी एक केली. या वेळी भाऊंचाच फोन आला. "मॅडम, ही तर पयल्यापरीस वाईट हाय."

मला रडू यायचंच बाकी होतं. तीन आठवडे घालवून मी जे केलं होतं ते पहिल्यापेक्षा वाईट निघालं होतं. मी चिडून म्हणाले, "भाऊ, तुम्हीच येऊन बघा एकदा. मी काही लपवत नाही."

मला वाटलं, ते हसून सोडून देतील. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, लोकलने दोन स्टेशनं येऊन, ते आमच्या फाटकाशी हजर. वीस वर्षं पावडर टाकली, ती कुठे बनते हे एकदाही बघितलं नव्हतं म्हणाले.

मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मास्तरणीसारखी सांगू लागले. "हा गोणीतला नमुना. आधी तासभर ओव्हनमध्ये ठेवून वाळवायचा, आणि मग—"

"थांबा. आदी वाळवता?"

"हो. तपासायच्या आधी वाळवावाच लागतो, नाहीतर आकडे..." आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

भाऊ शांतपणे म्हणाले, "आमी तर न वाळवताच टाकतो, ताई."

मॅडमची ताई मी त्या क्षणी झाले. पण तेव्हा ते लक्षातही आलं नाही, इतकी शरम वाटत होती. जो दोष शोधत होते तो मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने ओव्हनमध्ये उडवून टाकत होते. आणि मी कुठली? लोणावळ्याची! जिथे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्याच दिवशी न वाळवलेला नमुना तपासला. ओल मर्यादेच्या कितीतरी वर.

पण गोणीला आतून प्लॅस्टिकची पिशवी असते. ओल शिरली कुठून? आम्ही दोघं भरणीच्या शेडमध्ये गेलो. तिथे सहा बायका काम करायच्या. त्यांच्यातल्या थोरल्या म्हणजे वराळ्याच्याच मावशी. पावडर भरायची, आतल्या पिशवीला पीळ देऊन सुतळीने गाठ मारायची, मग बाहेरची गोणी शिवायची, अशी पद्धत. आम्ही बघत उभे राहिलो. मावशींनी पिशवीचं तोंड नुसतं दुमडलं आणि गोणी शिवायच्या मशीनखाली सरकवली.

"मावशी, आतली गाठ?"

"ती व्हय? नवं मशीन आल्यापास्नं न्हाई मारत. मशीन लय पळतंय, गाठ मारत बसलं की मागं गोण्यांचा ढीग लागतो. आन् शेवटी सिमेटातच तर जाती न्हवं?"

"सिमेंटमध्ये? कोण म्हणालं?"

मावशींनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं, बायकांनी माझ्याकडे. "मग कुटं जाती?"

मावशींना तिथे पंधरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, आणि रोज त्यांच्या शेजारून जात होते.

उत्तर भाऊंनीच दिलं. ते गोणीपाशी उकिडवे बसले आणि हातांनी साचा दाखवत म्हणाले, "मावशी, तुमी भरता त्या पावडरीखाली पोलादाचा रस असतो. पावडर ओली असली की तडतडती. ठिणग्या उडत्यात. हितं, माझ्या तोंडाम्होरं."

"किती लांब?"

"दीड हात."

आत्ताच शिवलेली गोणी मावशींनी ओढून घेतली, टाके उसवले, सुतळी घेतली आणि गाठ मारली. मग म्हणाल्या, "आमाला बगायचंय त्ये."

आणि त्यांनी ते सोडलं नाही. मला बघितलं की रोज, "कवा न्हेतीस?" आमचे साहेब तयार झाले, पण पोलाद कारखान्याचे सुरक्षा अधिकारी म्हणाले, साडी चालणार नाही, बांगड्या चालणार नाहीत. बायकांनी अर्ध्या दिवसात तोडगा काढला. मावशींनी सुनेची जीन्स घातली. जन्मात पहिल्यांदा. कारखान्याच्या पायऱ्या चढताना दर पावलाला त्या खाली वाकून बघत होत्या, आणि बाकीच्या पाच जणी भिंतीला टेकून हसत होत्या.

साच्याजवळ आम्ही कठड्यामागे उभ्या होतो, तरी चेहरे तापत होते. भाऊंनी आमच्या नव्या गोणीतली आतली गाठ सोडली, फावडंभर पावडर घेतली आणि अलगद पसरली. झगझगता रस राखाडी झाला, जणू विझलाच. कुठे तडतड नाही, गुठळी नाही. भाऊंनी सळईने कडा चाचपल्या आणि आमच्याकडे बघून अंगठा वर केला.

मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "येवढ्या आगीवर येवढीशी पावडर! आन् आमी म्हनत हुतो सिमेट."

दुपारी कॅन्टीनमध्ये बायकांनी आपापले डबे उघडले. तांदळाच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि बोंबलाची चटणी. भाऊंना मधे बसवून त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. पुढे या दांड्यांचं काय होतं? गिअर, बेअरिंग, ट्रकचे आस. भाजतं का? भाजतं. मग घरचे काय म्हणतात? या प्रश्नाला भाऊ लाजले आणि चौथी भाकरी घेतली.

त्यानंतर गुठळ्यांची तक्रार आली नाही. साहेबांनी मशीनचा वेग कमी करून दिला, आणि मी आता दोन नमुने तपासते, एक वाळवून आणि एक तसाच. नवीन मुलगी कामाला आली की तिला आधी मावशी शिकवतात, मग मी. मावशींचा धडा मोठा असतो.

दिवाळीच्या आधी भाऊ बायकोला घेऊन वराळ्याला आले. तिला शेड बघायची होती. ती दारातच थांबली, सहाही जणींना एकेक करून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुमीच त्या व्हय? ह्ये घरी आलं की नुसतं तुमचंच सांगत्यात. म्हनलं, बघून तरी येऊ." मावशींनी हात झटकले, मशीन बंद केलं आणि तिला बसायला एक कोरी गोणी अंथरली.