फेट्यातलं सूत

गंगाबाई गाडीतून उतरल्या, पण त्यांना चालताच येईना. अंगावर एकावर एक चढवलेली नवी लुगडी, आणि चेहरा असा की जणू काही झालंच नाही!

मी तेव्हा नगरच्या वाटेवरच्या करोडगिरी नाक्यावर मुन्शी होतो. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. इंग्रजी मुलखातून माल आला, की रस्त्यावर आडव्या टाकलेल्या आमच्या बांबूपुढं थांबायचा. अंगावरच्या कापडाला मात्र माफी. ती माफी बायकांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती.

मी हसू दाबून त्यांना सोडणारच होतो. तेवढ्यात मागून नेकनूरचा मारुती कोष्टी ओरडला, "मुन्शीजी, सोडू नका! ही गिरणीची स्वस्त लुगडी आत आली तर माझं कोण घेईल? माग बंद पडंल माझा!"

"माझ्या भाचीचं लगीन हाय," गंगाबाई कडाडल्या. "तुझ्या मागापायी आमी महागाचं नेसावं व्हय?"

अमीनसाहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, बाहेर आले. त्यांनी निकाल दिला, "नेसलेलं एक माफ. बाकीच्यांची जकात भरा."

मारुती लई खूश झाला. गंगाबाई आडोशाला जाऊन आल्या, जकात भरली आणि थेट त्याच्या डोक्याकडं बोट केलं.

"सायेब, येवढा फेटा नवरदेवबी बांधत न्हाई. सोडा की जरा!"

फेटा सोडला. आत गिरणीच्या सुताच्या लडीच लडी! मी पोट धरून हसलो. मारुती मात्र रडकुंडीला आला.

"सायेब, कापडावर जकात घ्या, पण सुतावर कावून? सूत महागलं तरी माग बंदच पडतो की!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अमीनसाहेबांनाही ते पटलं असावं, कारण ते बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. पण नियम तो नियम. त्यालाही भरावी लागली.

"आता तुझं लुगडं अजून महाग करशील," गंगाबाई म्हणाल्या.

"करावंच लागंल, मावशी."

"मेल्या, मग चल गाडीत. वाटंत भाव ठरवू. नवरीच्या आईचं अजून घ्यायचंय."

दोघं एकाच गाडीत बसून, माझ्या नाक्याला तोंडभर शिव्या देत नेकनूरला गेले.

पुढं सारी नोकरी त्या बांबूपाशी गेली. बांबू कायमचा काढा म्हणणारा मला कुणी भेटला नाही. प्रत्येकाला तो हवाच होता, फक्त दुसऱ्याच्या गाडीसाठी.