हरलेल्या बाजूचा अभियंता

आम्ही निवृत्त अभियंते कोल्हापुरात महिन्यातून एकदा जमतो. चहा होतो, कुणाला कुठली गोळी लागू पडली यावर चर्चा होते आणि मग एकजण एखाद्या मोठ्या अभियंत्याचं चरित्र वाचून दाखवतो. माझी पाळी आली तेव्हा मी अमेरिकेतल्या यादवी युद्धातला एक सेनापती निवडला, तोही दक्षिणेचा, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा. जिंकलेले संपले काय, असं म्हणून मित्रांनी माझी टर उडवली. मी मुळातच खोडसाळ आहे. सगळे ज्याची आरती करतात त्याच्याविषयी लिहायला मला झोप येते.

माणूस हुशार होता हे मान्य करायला हवं. लष्करी विद्यालयात गणितात अव्वल, पुढं नद्यांची मोजणी, बंदरातला गाळ काढणं, दीपगृहं. सरकार त्याच्यावर खूश होतं. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तेव्हा त्यानं सरकारची शपथ मोडली आणि आपल्या राज्याबरोबर गेला. तिथं त्याला सेनापती केलं. त्यानं शहरांभोवती मातीचे तट उभारले. त्यांचे नकाशे मी कितीदा तरी पाहिले. उतार, चर, पाण्याचा निचरा, सगळं चोख. ती माती गुलामांनी उपसली होती. इतकी माणसं पाठवा, असा मालकांना हुकूम जायचा. त्याच्या जाडजूड आत्मवृत्तात तटांची लांबी आहे, खोली आहे, त्या माणसांविषयी एक ओळ नाही. युद्ध हरल्यावर त्यानं रेल्वेचे पूल बांधले आणि मानानं म्हातारा झाला.

माझा निबंध एका ठिकाणी अडला. नदीवरचा एक पूल वेळेत पाडला गेला नाही, शत्रू अलीकडं आला आणि शहर पडलं. सेनापतीनं लिहिलंय की आदेश वेळेत दिला होता, हाताखालच्या माणसानं दिरंगाई केली. तो आदेश मात्र कुणाला सापडलेला नाही. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला, कारण असंच वाक्य मी स्वतः एका अहवालात लिहिलेलं आहे.

नोकरीत असताना गडहिंग्लजकडचा एक कोल्हापुरी बंधारा माझ्याकडं होता. पावसाळा संपला की त्याच्या गाळ्यांत फळ्या, म्हणजे बरगे, घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी ते काढायचे. एका साली बरगे काढायच्या दिवशी शेतकरी आले. उसाला आणखी एक पाणी मिळू दे म्हणाले. मी त्यांना बघतो म्हणालो आणि बरगे काढणाऱ्याला तोंडी सांगितलं, चार दिवस राहू देत. तिसऱ्या दिवशी वर आजऱ्याकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला. फळ्या दाबानं अडकल्या, नदीनं बंधाऱ्याची बगल फोडली आणि कडेच्या शेतकऱ्याचं अर्धं रान वाहून गेलं.

बरगे काढायचं काम एका रोजंदारी माणसाकडं होतं. गावातल्या मुसलमान सुताराच्या घरातला, कामाला वाघ. त्याला कायम करायचा प्रस्ताव माझ्याच सहीनं वर गेला होता. चौकशीत मी लिहिलं, तोंडी आदेश वेळेत दिला होता, कामगारानं दिरंगाई केली. त्याचं काम गेलं. गावात तो रान बुडवणारा ठरला. तो माझ्याकडं भांडायला आला नाही. पुढच्या ईदला त्याच्या घरून नेहमीसारखा शिरखुर्म्याचा डबा आला आणि मी तो खाल्ला. याची मला आजही लाज वाटते.

निबंध मी वाचला. पुलाचा प्रसंग गाळला. टाळ्या पडल्या, आणि मला स्वतःची किळस आली. त्याच आठवड्यात एसटीनं गडहिंग्लजला उतरलो आणि रिक्षा करून त्या गावात गेलो.

तो अंगणात रंधा मारत बसला होता. केस पांढरे झालेले. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, तारखेसकट, माझ्या वाक्यासकट. त्याचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय की, सायब," तो म्हणाला. "मला कशाला सांगतासा? ज्याचं रान गेलं त्येला सांगा. चोवीस वर्सं त्यो माझ्या दारात आला न्हाय."

मी तसाच उठलो. शेतकऱ्याचं घर चार घरं पलीकडं होतं. म्हातारा सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, सून दारात उभी. मी उभ्यानंच सांगितलं. बरगे ठेवायला मी सांगितलं होतं, त्यानं नव्हे, आणि कागदावर खोटं मी लिहिलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. म्हाताऱ्यानं मांडीवरची टरफलं झटकली, काठी घेतली आणि माझ्या शेजारून पायरी उतरून सुताराच्या घराकडं चालू लागला. सून आत गेली. मला कुणी बसा म्हटलं नाही.