नखाला कळलेलं मूत्रपिंड

स्वातंत्र्याच्या दोनेक वर्षं आधी बेळगावच्या कॉलेजात इंटर सायन्सला आम्ही मुली दोघीच होतो, आणि त्यात शेतकऱ्याच्या घरातली मी एकटी. वडगावाहून रोज चालत जायची. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकच अट घातली होती: नापास झालीस की कॉलेज बंद. मला त्या अटीचा राग यायचा. मी काय नापास होणाऱ्यांतली होते?

एकदा प्राणिशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला गोड्या पाण्यातला मासा आणायला सांगितलं. त्यातलं मूत्रपिंड शोधायचं होतं. आईनं तळ्यातली मरळ मिळवली आणि केळीच्या पानात गुंडाळून दिली. वर्गात पान उघडलं, तर मासा आतून लख्ख! लेकीनं मास्तरांपुढं घाण मासा कसा न्यायचा, म्हणून आईनं तो चिरून, धुऊन, कण्याला चिकटलेलं सगळं, मूत्रपिंडासकट, नखानं खरवडून काढलं होतं. वर्ग हसला. सर म्हणाले, "हा प्रयोग आहे, कालवण नव्हे. परीक्षेलाही मासा आपापलाच आणायचाय."

घरी येऊन मी आईवर खेकसले. पाटीवर आकृती काढून दाखवली. ती वाकून बघत राहिली.

"ह्ये व्हय? आमी ह्येला रगत म्हणतो. डोस्क्यापाशी दोन गड्डं, मग कण्याला धरून पट्टी, शेपटाकडं बारीक हुत जाती. नराची जाड असती. मादीची गाभोळीच्या दिसांत पातळ पडती. खरवडताना नखाला कळतंय की गं."

पुस्तकात आकृती एकच होती. ती नराची की मादीची, याचा पत्ताच नव्हता.

परीक्षेला मी न धुताच नेलेला मासा नर निघाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नर-मादीतला फरक विचारला. मादीच्या पोटातल्या अंड्यांचं, म्हणजे गाभोळीचं, सांगून झाल्यावर मी म्हणाले, "मूत्रपिंडातही फरक असतो. नराचं जाड असतं."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

अण्णांची अट आठवली. पण शब्द मागं घ्यायचा माझा स्वभाव नाही.

"पुस्तकात नाही. माझी आई सांगते."

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी शेजारच्या मुलीची मादी मागवली, दोन्ही मासे जवळजवळ ठेवले आणि मोजपट्टी लावून मूत्रपिंडांची जाडी मोजली. मग म्हणाले, "दोन माशांवरून नियम ठरत नाही. पण आईंनी पाहिलंय नीट." आमच्या सरांनीही वाकून पाहिलं. माझी मान अशी ताठ झाली की दुखायला लागली. आईचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तसं वाटलं नव्हतं याची लाजही वाटली.

पास झाल्याचं कळलं तेव्हा आईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "मासा तसाच घाण न्हेलतीस, कोण काय म्हणालं न्हाय न्हवं?"